खुर्चीवर बसून कॉर्नेट

धावडा गावचा मल्हारी जालन्यात बँडवाला झाला, तेव्हा त्याच्या घरी मेंढरांच्या घंटेपलीकडे कुणाला वाद्य ठाऊक नव्हतं. त्याला कागदावर लिहिलेले सूर, म्हणजे नोटेशन, वाचता यायचं नाही. कानानं ऐकायचं, कॉर्नेटच्या पितळी भोंग्यातून काढायचं. निजामी मुलखातल्या कितीतरी वराती त्यानं अशाच फुंकल्या, सगळ्या चालत. “घोड्याला नवरदेवाचं ओझं, मला वाऱ्याचं,” तो स्वतःच म्हणायचा. हौस एकच उरली होती. एकदा तरी साहेबासारखं खुर्चीवर बसून वाजवायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो योग आला. स्टेशनाजवळच्या क्लबात पास्कोल नावाचा गोव्याकडचा रेल्वे गार्ड पियानो वाजवायचा आणि शनिवारी संध्याकाळी साहेबलोक जॅझवर नाचायचे. त्यांचा कॉर्नेटवाला बदली होऊन गेला. पास्कोलनं मल्हारीला वरातीत ऐकलं होतं. त्यानं बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि पुढ्यात कागद ठेवला. कागदावर सूर नव्हतेच, नुसती इंग्रजी अक्षरं.

“पास्कोलसाहेब, यात गाणं कुठाय?”

“गाणं तू करायचं. एक अक्षर म्हणजे तीन-चार सुरांचं घर. त्या घरात फिर. अक्षर बदललं की घर बदल.”

मल्हारी अक्षरं शिकला, घरं शिकला आणि छाती फुगवून पहिला ‘सी’ फुंकला. पियानो आणि कॉर्नेट एका पोत्यातल्या दोन मांजरांसारखे भांडले.

पास्कोलनं कान झाकले. “अरे, तुझा सी माझ्यापेक्षा एक सूर खाली निघतो. तुझं वाद्यच तसं आहे!”

“मंग तुम्ही खाली सरका की साहेब. आमच्याकडं माझा भोंगा वाजला की क्लॅरिनेट, पेटी, सगळे माझी पट्टी धरतात.”

“मी सरकू, व्हायोलिनवाला सरकेल, गाणाऱ्या मडमेनं घसा कापून खाली बसवायचा का? तूच वर ये. कागदावर सी दिसला की डी वाजव. एफ दिसला की जी. जीनंतर पुन्हा ए.”

बँडमध्ये राजा असलेल्या मल्हारीला आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याची पट्टी धरावी लागली. घरी बायको, इंद्रायणी, भाकरी थापता थापता त्यानंच शिकवलेलं अक्षर म्हणायची आणि तो पुढचं सांगायचा.

“सी.”

“डी.”

“जी.”

“ए.”

“काय ओ, मी एक म्हणते, तुम्ही दुसरंच सांगून राह्यले. या इद्येत खरं बोलायचंच न्हाई का?”

“बिलकुल न्हाई. खरं बोललो की साहेब कान झाकतो.”

शनिवारी मल्हारी कोट घालून खुर्चीवर बसला. पाठ ताठ, डोळे कागदावर. पास्कोलनं सुरुवात केली. सी आला, मल्हारी डीच्या घरात. एफ आला, जीच्या घरात. भांडण नाही, काही नाही! पास्कोलनं हसून मान डोलावली आणि एकट्यानं वाजवायची खूण केली.

तिथंच घात झाला. एवढ्या वर्षांत त्याचा श्वास पायांनी चालवला होता. पाय थांबले की दम अडकायचा. दोन घरं तो कसाबसा बसून फिरला, तिसऱ्याला गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि पाय आपोआप उठले. मल्हारी निघाला. नाचणाऱ्या जोड्यांतून वाट काढत, वरातीच्या संथ चालीनं, झोकात. कागद मागे राहिला. अक्षरं राहिली. दाराशी पोचल्यावर त्याला ते उमगलं.

“मल्हारी! कागद!” पास्कोल ओरडला.

मल्हारीनं मग डोळे मिटले आणि पियानोकडे कान लावला. एक सूर सापडला. बरा लागला. तोच धरून तो मागे वळला, दुसरा शोधत, तिसरा चुकवत. साहेबलोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. चार जोड्या त्याच्या मागे रांगेत लागल्या. त्या रांगेला घेऊन मल्हारी खुर्चीपाशी आला, तेव्हा त्याचा कोट घामानं चिकटला होता आणि टाळ्या पडत होत्या.

पास्कोलनं पियानोवरून उठून खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली आणि कागदाचं स्टँड मल्हारीच्या नाकापर्यंत उंच केलं.

“पुढच्या शनिवारी ये. पण चालायचं ते जागच्या जागी.”

घरी इंद्रायणी दारातच उभी होती.

“बसले का खुर्चीवर?”

“बसलो.”

“बसून वाजवलं?”

“वाजवलं चालतच.”

“मंग बसले कवा?”

“चहाला,” मल्हारी म्हणाला आणि बूट काढायला उंबऱ्यावर टेकला.