पांढरमाळ आणि खाजाचाचांचा अंगठा

खाजाचाचा गेल्याची बातमी मला हिंगोलीच्या बाजारात कळली. हळदीच्या ढिगापाशी मी एका अडत्याशी भावावरून भांडत होतो. शेळ्या विकायला आलेली एक म्हातारी मध्येच म्हणाली, "शेठ, पांढरमाळावरचा तो चुनेवाला मेला की. दोन दिस कोणाला ठावंच न्हाई. माझ्या शेळ्या त्याच्या दारात जाऊन वरडाया लागल्या, तवा पाहिलं." मी "बरं" म्हणालो, अडत्याकडे वळलो आणि सौदा मी सांगितलेल्या दरानंच पक्का केला. या गोष्टीला महिना होऊन गेला.

पांढरमाळ आता कोणाला आठवणार? कळमनुरीच्या रस्त्यापासून कोसभर आत, झाडाचं नाव नसलेला एक उंचवटा. निजामाच्या राज्यात तिथे चुनखडी लागली आणि चार-पाच वर्षांत साठ-सत्तर झोपड्या, एक मारुती, एक छोटी मशीद आणि आठ भट्ट्या उभ्या राहिल्या. प्यायचं पाणी कयाधू नदीवरून गाडीनं यायचं. उन्हाळ्यात वाराच पांढरा असे. चुन्याची धूळ बसून लेकरांच्या पापण्या म्हाताऱ्यांसारख्या दिसत, ओठ फुटत, भाकरी चुरचुरत लागे. हिवाळ्यात तीच धूळ छातीत जाई आणि माणसं खोकून खोकून मरत. शेतकरी आभाळाला हात जोडतो, आम्ही आभाळाकडे पाहून मुठी आवळत होतो. कारण भट्टीतून निघालेल्या भाजक्या दगडाला, म्हणजे कळीच्या चुन्याला, पाणी लागलं की तो उकळतो, फुटतो, अंगावर उडतो. भरल्या गाडीवर सर आली तर गाडी जळते.

म्हणून पांढरमाळाचं हवामान खाजाचाचा सांगत. ते भट्टीचे मुख्य कारागीर. रोज संध्याकाळी दाराजवळच्या फरशीवर कळीचा एक खडा ठेवायचे आणि सकाळी त्यावर अंगठा दाबायचे. खडा टणक राहिला तर "भरा गाड्या." वरून पिठासारखा सुटला तर हवेत ओल आहे, "आज थांबा." एवढंच. आठही भट्ट्या या एका अंगठ्यावर चालत. मी एका बैलजोडीपासून सुरुवात करून सहा गाड्यांचा धनी झालो, तो याच अंगठ्याच्या भरवशावर. तरी रोज त्यांच्याशी हुज्जत घालायचो. ते हसून म्हणायचे, "शेठ, आभाळासंगं घासाघीस करता येत न्हाई. तुमच्या बापालाबी जमली नसती."

एका चैत्रात सलग तीन दिवस त्यांनी गाड्या थांबवल्या. आभाळ निळंशार. हिंगोलीत एका मोठ्या इमारतीचं काम माझ्या चुन्यासाठी अडलं होतं आणि दुसरा व्यापारी टपून बसला होता. चौथ्या सकाळीही खडा सुटला. माझं डोकं फिरलं. कामगार लांब भट्ट्यांपाशी होते, दारात आम्ही दोघंच. मी खेकसलो, "चाचा, तुमचा अंगठाच घामेजलाय! भरा म्हणतो ना मी!"

"शेठ, ओल हाय."

"कुठं हाय? दाखवा मला! काहून लोकाला उपाशी मारून राहिलात?"

त्यांनी फरशीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला. मग भट्टीकडे तोंड करून हाक दिली, "भरा."

माझा धाकटा भाऊ धोंडिबा तेव्हा नदीवर पाण्याला गेला होता. तो परत आला तोवर गाड्या भरून तयार होत्या. त्यानं एकीला बैल जुंपले, मी त्याच्याबरोबर बसलो. अर्ध्या वाटेवर, उघड्या माळावर, पावसानं गाठलं. धोंडिबा ताडपत्री ओढायला चुन्यावर चढला आणि पांढरं उकळतं पीठ त्याच्या तोंडावर उडालं. आमच्या धंद्यात एक गोष्ट लेकराला आधी शिकवतात : चुन्याला पाणी दाखवू नये. म्हणून मी काय केलं... पाऊस त्याच्या डोळ्यांत जाऊ नये, यासाठी माझा पटका सोडून त्याचं तोंड घट्ट झाकलं. हिंगोलीपर्यंत तसाच धरून बसलो. तो किंचाळत होता आणि मी पटका आणखी आवळत होतो. डॉक्टर म्हणाला, "तिथल्या तिथं भरपूर पाण्यानं धुतले असते तर निदान एक डोळा वाचला असता." पाणी तर आभाळातून धो धो पडत होतं.

धोंडिबानं शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "दादा, गाड्या भरा कोण म्हनलं?" खाजाचाचा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ते म्हणाले, "म्या म्हनलो. माझा अंगठा चुकला, बेटा." धोंडिबा आवाजाच्या दिशेनं थुंकला. चाचांनी तोंड पुसलं नाही.

बाहेर मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "आंधळ्याला ज्याच्या हातचं खायचं, त्याच्यावर राग धरून जगता येत न्हाई. माझ्यावर धरू दे. माझ्या हातचं त्याला कुठं खायचं हाय?"

मला आयुष्यात फुकट काही मिळालं नाही आणि मी फुकट काही घेतही नाही. मी त्यांना गाय देऊ केली, हिंगोलीत खोली देऊ केली, शेवटी शेत. प्रत्येक वेळी ते मान हलवत. एकदा तर म्हणाले, "शेठ, हे इकायचं न्हाई." याचा राग मला आजही आहे. त्यांनी किंमत सांगितली असती तर मी मोकळा झालो असतो.

आणि चुकल्याची कबुली देऊन त्यांनी स्वतःचं काय केलं? कामगारांचा त्या अंगठ्यावरचा विश्वास उडाला. बाजारात लोक म्हणत, म्हातारा संपला. मीही तेच म्हणालो. पुढल्या वर्षी त्यांनी "थांबा" सांगितलं, कोणी ऐकलं नाही, चुन्याचा सबंध ढीग पावसात पेटला आणि दोन बैल मेले. तरी लोकांनी त्यांच्याच नावानं बोटं मोडली, म्हणे त्यांच्या अशुभ तोंडानं पाऊस आला. भट्टीवरून काढलं तेव्हा ते धूळ चाळायच्या कामाला लागले, बायांच्या रांगेत. पुढे चुनखडी संपली, भट्ट्या विझल्या. यंदा निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत उरलीसुरली माणसंही गेली. कोण कुठं गेलं, कोणी विचारलं नाही. चाचा एकटे राहिले. माळाजवळून जाताना दोनदा सकाळी मी त्यांना लांबून पाहिलं. फरशीवर वाकून अंगठा दाबत होते. हवामान सांगायला समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

ती बातमी मी घरी सांगितली तेव्हा धोंडिबा हसला. "मेला? बरं झालं. दादा, आज गोड करायला सांग." आमच्याकडे शिरा झाला. मीही खाल्ला. हात पुसत तो शेजाऱ्याला सांगत होता, "दादानं पटक्यानं माझं तोंड झाकलं म्हणून जीव तरी वाचला. त्या म्हाताऱ्यानं तर मारलंच व्हतं."

धोंडिबाला वर्तमानपत्राचं वेड आहे. पुरवणी आली की भिंतीला टेकून बसतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावतो. एखादी ओळ गाळली तर माझ्या आवाजावरून ओळखतो. घरात माझ्याशिवाय वाचता येणारं कोणी नाही.

हे छापून येईल त्या दिवशी मी त्याला आधी पोटभर जेवू घालीन. मग वाचीन.