चाकं ऐकणाऱ्या बाई

प्राण्यांच्या खोलीत शिरण्याआधी बाई दाराला कान लावून उभ्या राहायच्या. कोलोनच्या आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. १९६०च्या सुमारास पुण्याहून डॉक्टरेटसाठी गेलेला मी हे पाहून पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात हसलो. प्रत्येक पिंजऱ्यात एक लोखंडी चाक असे आणि पहाटे बाई कामावर येत तेव्हा चाकांची खडखड चालूच असे. उंदरीण दर चौथ्या-पाचव्या दिवशी माजावर आली की चाकात वेड्यासारखी धावते, गाभण राहिली की चाकाकडे ढुंकूनही बघत नाही, हा त्यांचा ठोकताळा. आत काय चाललंय ते त्या बाहेरूनच सांगत.

पांढरा कोट घातलेल्या कोणालाही तिथले शिपाई 'हेर डॉक्टर', म्हणजे 'डॉक्टरसाहेब', म्हणत. बाई मला फक्त आडनावाने हाक मारत. मी गमतीने तक्रार केली, तर "अजून वेळ आहे," म्हणाल्या. प्रश्न मात्र त्यांना फार पडत. माझ्या टेबलावर आईने दिलेला छोटा गणपती होता. त्याच्या पायाशी बसलेला उंदीर त्यांनी चष्मा वर करून न्याहाळला आणि विचारलं, हा नर की मादी? इतकी वर्षं आरत्या म्हणून मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

गाभण माद्यांच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, कोणत्या दिवशी किती असतं, हे मोजणं माझं काम. तुलनेसाठी नरापासून लांब ठेवलेल्या कोऱ्या माद्या होत्या. सहा महिन्यांनी आकडे मांडले. नराचं तोंडही न पाहिलेल्या माद्यांचं प्रोजेस्टेरॉन गाभणींसारखं चढलं होतं. प्राध्यापकांनी ईस्टरपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही, तर मी रिकाम्या हाताने पुण्याला.

मी रसायनं बदलली, काचसामान पुन्हा पुन्हा धुतलं. एका पहाटे बाईंनी बोटाने खुणावून मला दाराशी उभं केलं. गाभण माद्या शेजारच्या खोलीत होत्या, इथे फक्त कोऱ्या. आत सगळं गप्प.

"दहा दिवस झाले, चाकं फिरत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपण गाभण आहोत असं यांना वाटतंय. कोणी सांगितलं यांना?"

मीच सांगितलं होतं. माजाचा दिवस ओळखायला मी रोज काचेच्या कांडीने त्यांच्या योनिमार्गातला स्राव काढत असे. कांडी जास्त आत टोचली, की नर येऊन गेल्यासारखं उंदरिणीच्या शरीराला वाटतं आणि जवळजवळ दोन आठवडे खोटं गर्भारपण चालतं. पुस्तकात हे होतं. मी त्याखाली रेघही मारली होती. माजाच्या चक्रात रोज बदलायला हवा तो स्राव तसाच राहतो, हे मला दिसतही होतं. ते मी जर्मनीच्या थंडीवर ढकललं होतं.

बाईंना मात्र खात्री करायची होती. दहा नव्या माद्या घेतल्या, पाच माझ्या हाताला, पाच त्यांच्या. त्या ड्रॉपरने कोमट पाण्याचा एक थेंब अलगद सोडून परत ओढून घेत. दोन आठवडे आम्ही दोघं रोज दाराला कान लावून उभे. त्यांची पाचही चाकं चार-पाच दिवसांनी धुमाकूळ घालत. माझ्या पाचांतली चार गप्प राहिली.

आता प्राध्यापकांना सांगायचं होतं. एखाद्या रसायनाच्या बाटलीवर खापर फोडलं असतं, तर कोणाला कळलंही नसतं. मी बाईंना तसं बोलून दाखवलं. त्या पिंजरा पुसत होत्या.

"उंदीर खोटं बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताने जे विचारलं, त्याचंच उत्तर त्यांनी दिलं. आता तुमची पाळी."

मी सगळं सांगून टाकलं. प्राध्यापक म्हणाले, पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी बाई दाराशी उभ्या होत्या.

"गुटेन मॉर्गन, हेर डॉक्टर."

पदवी अजून लांब आहे, मी ओशाळून म्हणालो.

"तो कागद येईल मागाहून."

कागद दोन वर्षांनी आला. तोवर बाई निवृत्त होऊन बहिणीच्या गावी राहायला गेल्या होत्या. पुण्याला निघण्याआधी मुद्दाम भेटायला गेलो. पदवी पिशवीत होती, पण त्यांनी तिच्याबद्दल विचारलं नाही आणि मलाही काढावीशी वाटली नाही. कॉफी ओतता ओतता त्यांनी एवढंच विचारलं, "चाकं फिरताहेत ना?"