जेवणाचा मेनू असलेलं हॉस्पिटल

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा सरकारी हॉस्पिटलात नंबर लागायला बरेच महिने जाणार होते. त्याच्या ऑफिसचा प्रायव्हेट विमा होता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. माणूस नागपूरचा. इतकी वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात राहूनही ‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की त्याला फिनेलचा वास येतो.

नणंद आधी नेदरलँड्समध्ये होती, आता जर्मनीत आहे. दोन्हीकडे विमा सक्तीचा. ती फोनवर म्हणाली, आमच्याकडे प्रायव्हेट विमेवालाही बहुतेकदा त्याच मोठ्या हॉस्पिटलात जातो, फक्त खोली स्वतंत्र आणि डॉक्टर वरचा. तुमच्याकडे कसं? नवरा ऐटीत म्हणाला, आमच्याकडे हॉस्पिटलच वेगळं.

होतंही तसंच. खिडकीबाहेर हिरवळ, उशाशी जेवणाचा मेनू. मी हौसेनं खोलीचे फोटो सासूबाईंना नागपूरला पाठवले.

ऑपरेशन दुपारी झालं. संध्याकाळी नवरा पांढराफटक पडला, ब्लड प्रेशर उतरत चाललं. पोटात रक्तस्राव होत होता. डॉक्टर धावत आले, आणि नर्सनं फोन उचलून अँब्युलन्स मागवली. मी बघतच राहिले. घरात कोणी पडलं तर आपण अँब्युलन्स बोलावतो. हॉस्पिटल बोलावतं?

कुठे नेताय, असं मी विचारलं. नर्स शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे आयसीयू नाही. असे पेशंट आम्ही सरकारी हॉस्पिटललाच पाठवतो.”

संतापानं माझं डोकं फिरलं. मेनूत तीन प्रकारची सूप्स होती आणि आयसीयू नव्हतं!

सरकारी हॉस्पिटलात त्याला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. विम्याचं नावही कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, कुठे आहे मी? मी म्हटलं, सरकारीत. शेजारच्या कॉटवर एक आजोबा घोरत होते.

“आईला सांगू नकोस,” तो म्हणाला. “घाबरेल.”

पण नणंदेनं आधीच सांगून टाकलं होतं. सासूबाईंचा फोन आला तो रडतच. सोन्यासारख्या मुलाला सरकारीत का टाकलंस, त्या फोटोतल्या खोलीत का नाही ठेवलंस, असं विचारत होत्या.

मी म्हणाले, “आई, त्या खोलीत ठेवला असता तर आज तो नसता.”