अण्णांच्या पाठीतलं रोप

आमच्या पुंडलिकनगरात टँकर आठ दिवसांनी येतो, किस्से मात्र रोज! त्यातले निम्मे शेजारच्या दगडूअण्णांचे. भिंत एकच, कानावर पडणारच की. मी काही मुद्दाम ऐकत नाही!

अण्णा मूळचे पिशोरचे. आंब्यावरून पडले, मणक्याला मार बसला, कमरेखाली सगळं बधिर. दवाखान्यात एक प्रयोग चालला होता. माणसाच्याच हाडातल्या मगजातून पेशी काढायच्या आणि मणक्यात सोडायच्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "गॅरंटी नाही. गुण येईल, न येईल."

अण्णांनी सहीआधी एकच विचारलं, "रोप कुठलं?"

"तुमच्याच हाडातलं."

"मग लावा! घरचं हाय, विकतचं नाय!"

* * *

घरी आल्यावर अण्णा तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागले. इथं दुष्काळ, हंड्याहंड्यावरून भांडणं! सुमनवहिनी वैतागल्या, "अहो, किती पिता?"

"मिरचीचं रोप लावल्यावर पाणी तोडती का तू?"

शेवटी डॉक्टरांनीच समजावलं, "पाण्यानं पेशी वाढत नसतात. पायाचे व्यायाम करा."

"व्हय का? म्हंजी खुरपणी!"

तेव्हापासून मी रोज दहाला भिंतीवरून विचारते, "वहिनी, खुरपणी झाली का?"

* * *

सिल्लोडहून वहिनींची बहीण भेटायला आली. हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या पेशी टाकल्या असत्या तर दाजींचा स्वभाव बदलला असता का गं?"

वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्याच टाकल्या ना! तिथंच घोळ झाला!"

* * *

वहिनी रोज अण्णांना डोळे मिटायला लावून झाडूची काडी पायाला टोचायच्या. "कुठं टोचलं?" महिनोन्‌महिने उत्तर चूक.

एक दिवस अण्णा ओरडले, "उजवा अंगठा!" अगदी बरोबर! वहिनींच्या डोळ्याला धारच लागली. देवापुढं साखर ठेवली.

मग अण्णाच खाली मान घालून म्हणाले, "सुमन, शेजारीण खिडकीतून बोलली, 'अगं बाई, अंगठ्याला हळू टोच!' म्हनून कळलं."

वहिनी माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मीही तोंड दाखवलं नाही.

* * *

आणि परवाची गोष्ट. सकाळी सकाळी टँकर आला. अण्णा व्हीलचेअरवर बसून मान मागं वळवून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. त्यांच्या पुढून जाताना माझ्या हातून हंडा निसटला आणि सगळं पाणी त्यांच्या पायांवर!

"बाई, पाणी!" अख्खी गल्ली माझ्यावर ओरडली.

अण्णा मान न वळवता खेकसले, "आरं, पाय कुणी भिजवलं? लई गार हाय!"

टँकरची नळी तशीच वाहत होती.

वहिनींनी आपला भरलेला हंडा उचलला. "डोळे मिटा." म्हणत त्यांनी एका पायावर धार धरली. "आता कोणता पाय?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"डावा."

मागून कुणीतरी हंडा पुढं सरकवला. "वहिनी, हा घ्या! उजव्यावर वता!"