नाथसागराच्या कोरड्या गाळावर मामाचं स्पिटफायर

नाशिकहून निघालेली एसटी वैजापूरच्या पुढे आली आणि रस्त्यावर गाड्यांपेक्षा पाण्याचे टँकरच जास्त दिसू लागले. दुष्काळाचं वर्ष होतं. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) शिरताना पहिली पाटी दिसली ती ‘स्विमिंग पूलसह फ्लॅट’ची, आणि तिच्याखाली रिकाम्या घागरींची रांग. माझं डोकं सकाळीच फिरलं.

मी आले होते वसंतमामासाठी. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माझा मामा शहरातल्या हर्सूलला राहतो आणि रिमोटवर उडणारी छोटी लढाऊ विमानं घरी बनवतो. अलीकडे त्याचा उजवा हात कापतो, म्हणून नव्या स्पिटफायर विमानात त्यानं जायरो बसवला होता. जायरो म्हणजे काड्यापेटीएवढी पेटी. विमान वाऱ्यानं कललं की ती आपणहून पंखांच्या झडपा हलवून त्याला सरळ करते. निघण्याआधी मामानं विमान हातात धरून डावीकडे कलवलं. डावी झडप खटकन खाली गेली.

“चालू हाय,” मामा म्हणाला.

अशी विमानं उडवणाऱ्या मामाच्या ग्रुपचे म्होरके कदमसाहेब मात्र जायरोला कुबडी म्हणत. त्यांनी मामाला बजावलं होतं, आज विमान नीट उतरवलं तर ठीक, नाहीतर यापुढे खुर्चीत बसून पाहायचं. अर्ध्या ग्रुपला ज्यानं उडवायला शिकवलं, त्याला ही ताकीद!

हर्सूलमागचं जुनं मैदान प्लॉटिंगवाल्यांनी गिळलेलं. जिथे विमानं उतरायची तिथे सिमेंटचे खांब आणि कुणाचं तरी ‘ड्रीम सिटी’. म्हणून सगळे पैठणकडे, जायकवाडी धरणाच्या नाथसागरात जातात; आम्हीही तिथेच गेलो. सागर कसला, भेगाळलेला गाळ नुसता! काठाशी एक म्हातारेबाबा गाळपेर (पाणी ओसरलेल्या जागी केलेली पेरणी) राखत बसले होते. त्यांनी आम्हाला काकड्या दिल्या.

“बाबा, पाणी कुठवर असायचं?” मी विचारलं.

“तुमी उभ्या हाव ना, तिथं होडी चालायची. आता इमानं उतरायलेत.”

आधी कदमसाहेबांनी आपलं मस्टँग उडवलं. वारा जोराचा होता, पण विमान जरा म्हणून हललं नाही. उतरवल्यावर ते म्हणाले, “याला म्हणतात हात!” मग रिमोट गळ्यात अडकवून, हात खिशात घालून मला म्हणाले, “ताई, तेवढं टेबलाजवळ ठेवता का?” बाईमाणसाला यातलं काय कळतंय, असा एकूण भाव.

मी विमान उचलून निघाले तर भेगेत पाय अडकला. मस्टँग डावीकडे कललं आणि डावी झडप खटकन खाली गेली. मी मागे पाहिलं. साहेबांचे हात अजून खिशातच होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावत मामाकडे गेले. “मामा, त्यांच्या विमानात पण...”

“गायत्री, गप. आधी मला उतरवू दे.”

स्पिटफायर झेपावलं, दोन घिरट्या घालून वळलं. मामा ओरडला, “लँडिंग!” सगळे बाजूला झाले. जायरो पंख सरळ ठेवतो, पण वेग आणि उंची माणसानंच सांभाळायची. वेग फार कमी झाला तर विमान कोसळतं, जास्त राहिला तर नाक गाळात. मामाचा अंगठा थरथरत होता. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि धुरळा उडवत थांबलं. टाळ्या पडल्या.

“पेटीनं उतरवलं,” कदमसाहेब म्हणाले. “हे धरायचं नाही. वसंतराव, पुढच्या खेपेपासून तुम्ही खुर्चीत.”

मग मी थांबले नाही. टेबलाजवळचं मस्टँग सगळ्यांसमोर उचललं आणि डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. झडपा आपोआप हलत राहिल्या. साहेबांनी विमान माझ्या हातातून घेतलं आणि गाडीत ठेवलं.

परतीच्या वाटेवर बिडकीन गाव आलं. मामा म्हणाला, “तो जायरो मीच बसवून दिला त्याला. कुणाला सांगणार नाय, असा शब्द दिला होता.”

“आणि वर त्याचे टोमणे ऐकून घेत होतास?”

“त्याचाबी हात कापतो, गायत्री. लोकांना कळू नये म्हणून धडपड चाललीय त्याची.”

संध्याकाळच्या एसटीत मी त्या माणसाची कीव करून पाहिली. थोडी आलीही. पण ज्या मामानं त्याचं दुखणं झाकलं त्यालाच मैदानातून उठवायला निघालेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना, आणि नाशिक आलं तरी माझ्या मुठी वळलेल्याच होत्या.