डब्यातली ड्यूटी धरायची की नाही

आमच्या सूनबाई काय करतात असं कुणी विचारलं, की मी आधी "ड्रायव्हर आहे" एवढंच सांगतो. समोरचा जरा नाक मुरडतो. मग मी चहाचा एक घोट घेऊन सांगतो, "विमानावर." त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ही गंमत मी इतक्यांदा केली आहे की आमची मंडळी म्हणते, "अहो, पुरे आता. दूधवाल्यालासुद्धा पाठ झालंय."

तिचा बाप शिंपी. त्याच्या दुकानात एकदा कुणा वैमानिकाचा कोट बाहीला उसवला म्हणून आला. ही तेव्हा शाळेत होती. तिने तो अंगात घातला आणि आरशासमोरून हलेना. बाप ओरडला, "काढ आधी, गिऱ्हाइकाचा आहे!" ही म्हणाली, "मग माझ्या मापाचा शिवा." पुढे खरंच बापाने मशीन रात्रंदिवस चालवून तिला शिकवलं. पहिला कोट मात्र कंपनीने दिला. तो खांद्यात ढगळ होता, म्हणून बाप आठवडाभर कंपनीच्या शिंप्याला शिव्या घालत होता.

विमान चालवता चालवता ती शिकवायलाही लागली, आणि तिथंच माशी शिंकली. वैमानिकांना शिकवायचं एक यंत्र असतं, त्याला आमच्या घरात 'डबा' म्हणतात. मी तो पाहिलाय. मोठ्या गोदामात लोखंडी पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत हुबेहूब विमानाचं नाक. डबा जागचा हलत नाही, पण आतल्या माणसाला वादळ, आग, बंद पडलेलं इंजिन, सगळं भोगायला लावतात. मी बाहेर उभा होतो. डबा पुढं वाकला, मागं रेलला, थरथरला, आणि दार उघडलं तेव्हा दोन दांडगे गडी घामाने निथळत बाहेर आले. त्यांच्या मागून आमच्या सूनबाई, हातात थंड झालेला चहा.

शिकवते चांगलं, म्हणून कंपनी तिला डब्यातच बसवायला लागली. आमच्या शाळेत एकाचं अक्षर सुरेख होतं. मास्तरांनी वर्षभर त्याच्याकडून फळ्यावर सुविचार लिहून घेतले, आणि वार्षिक परीक्षेत तो गणितात आपटला. सूनबाईचं तसंच झालं. खरं विमान हातात यायचं ते अधूनमधून, आणि परदेशची लांबची फेरी तर कित्येक महिन्यांत नाही. कंपनीचा नियम असा, की ठराविक मुदतीत लांबची फेरी केली नाही तर त्या यादीतून नाव निघतं. परत लागायला अख्खा हंगाम जातो. मुदत संपत आली होती, आणि शेवटी एक फेरी तिच्या वाट्याला आली. समुद्रापलीकडची, नवीन मार्गाची. आठवडाभर घरात ती गुणगुणत होती. मंडळी मला म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढी खूश नव्हती." चिरंजीव शेजारीच बसून कवळीला पॉलिश करत होता. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "ऐकू येतंय मला, आई."

आधीची ड्यूटी सुटल्यापासून उड्डाणापर्यंत ठराविक तास विश्रांती घ्यावीच लागते. त्यामुळे आमच्या घरात झोप हीसुद्धा नोकरीच आहे. दाराच्या घंटीला फडकं, खिडकीला काळे पडदे, मंडळीचा आवाज बंद. शेजारीण एकदा हळूच विचारायला आली, "घरात कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, कामावर आहे. आत झोपलीय."

तर त्या दिवशी दुपारपर्यंत डबा, मग घरी येऊन जेवण, झोप, आणि पहाटे विमानतळ, असं ठरलं होतं. हिशेब जेमतेम बसत होता, पण बसत होता. नेमका सकाळी डब्याचा एक पाय अडकला. मेकॅनिक आले, खाली पडून ठोकाठोकी केली, चहा प्यायले, पुन्हा ठोकाठोकी केली. आत एका शिकाऊ वैमानिकाची परीक्षा अर्धवट. चांगला दोन पोरांचा बाप, दुसऱ्या गावाहून आलेला. त्या दिवशी परीक्षा पुरी झाली नाही तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. सूनबाई उठून घरी आली असती तर कुणी तिला अडवलं नसतं. पण ती थांबली. डबा सुरू झाला तेव्हा दुपार कलली होती. पुन्हा परीक्षा सुरू झाली, आणि तो गडी उतरताना एक साधी गोष्ट विसरला. तिने विचारलं, "थकलायत का?" तो म्हणाला, "छे मॅडम, एकदम फ्रेश." दुसऱ्यांदा उतरताना तो तेच विसरला. तिने परीक्षा थांबवली. "झोप घ्या आणि परत या." तो चिडला. "मॅडम, तुम्ही पण माझ्याइतक्याच जाग्या आहात की!" म्हणजे थांबूनही त्याचं काम झालं नाही ते नाहीच.

घरी आली तेव्हा दिवे लागले होते. पानावर बसली आणि हिशेब करायला लागली. मंडळी म्हणाली, "आधी भाजी घे, मग घड्याळ बघ." तेवढ्यात फोन. कोण कुठल्या विमानावर जाणार ते जुळवणारा कंपनीचा माणूस होता. त्याला सगळे वैमानिक 'जुळवाजुळव' म्हणतात. तिचे हात खरकटे, म्हणून फोन स्पीकरवर.

"मॅडम, पहाटेचं पक्कं ना?"

"विश्रांती कमी पडतेय. डबा उशिरा सुटला."

"डबा उशिरा सुटला हो, पण तुम्ही उडलात कुठे? जमिनीवरच होतात."

"जमिनीवर झोपले नव्हते मी. शिकवणं ड्यूटीत धरतात, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"धरतात ना, मी कुठे नाही म्हणतो! पण ड्यूटी दुपारपर्यंतची होती. पुढं तुम्ही स्वतःहून थांबलात. कंपनीने नव्हतं थांबवलं."

सूनबाईचा घास हातातच राहिला. मंडळी फोनकडे बघून पुटपुटली, "मेल्या, चांगुलपणा केला तर तोही हिच्याच डोक्यावर?"

"कोण बोललं?"

"सासूबाई. त्यांचं बरोबर आहे," सूनबाई म्हणाली.

मग त्याने आवाज मऊ केला. "हे बघा, मला फक्त एवढं म्हणा, की दुपारनंतर तुम्ही मोकळ्या होतात. माझ्याकडे दुसरं माणूस नाही असं नाही, मिळेल. पण तुमचीच मुदत संपतेय. मी तुमच्या भल्यासाठी बोलतोय. आणि खरं सांगा, थकल्यासारखं वाटतंय का?"

मी तिच्याकडे बघत होतो. खरं सांगायचं तर ती थकलेली दिसतही नव्हती. डोळे चकचकीत, पाठ ताठ. चिरंजीव हळूच म्हणाला, "अगं, एकदाच तर आहे. वाटतंय ना बरं?"

"तेच तर!" ती त्याच्यावर कडाडली. "मला एकदम फ्रेश वाटतंय! दुपारी त्याला पण वाटत होतं, आणि त्याला मी घरी पाठवला!" मग फोनला म्हणाली, "ऐका. मी दुपारनंतर मोकळी नव्हते. विश्रांती पुरत नाही. मी येत नाही."

"मॅडम, नाव निघेल."

"माहीत आहे. ठेवते."

भाजी निवून गेली होती. चिरंजीव समजूत घालायला गेला, "चल, बरंच झालं, दोन दिवस घरात—" "बरं काय झालं त्यात?" ती उठली ते सरळ खोलीत. काळे पडदे ओढल्याचा आवाज आला. मी नोकरीला होतो त्या बस डेपोतल्या एका ड्रायव्हरची गोष्ट मला आठवली होती. "मी झोपत नाही, डोळे मिटून इंजिन ऐकतो," असं म्हणणारा तो. पण मी तोंड उघडायच्या आत मंडळीने डोळे वटारले. गप्प बसलो. हे तिने दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीला कौतुकाने सांगितलं.

सकाळी सूनबाई इस्त्री करत बसलेली. इस्त्री झालेल्या कपड्यांनाच पुन्हा इस्त्री.

"झोप लागली का गं?" मंडळीने विचारलं.

"झोपायला वेळ भरपूर मिळाला, आई. झोप नाही आली."

मग तिनेच फोन लावला, थेट मोठ्या साहेबाला. "साहेब, डबा लांबला तर ती ड्यूटीच, मग कुणी थांबवलेलं असो वा नसो. एवढं मला लेखी द्या."

साहेब पलीकडून गोड हसले. "मॅडम, त्यात लिहिण्यासारखं काय? सगळ्यांना माहीतच आहे."

"मग काल संध्याकाळी कुणालाच कसं माहीत नव्हतं?"

"बघतो," साहेब म्हणाले. असं 'बघतो' म्हटलं की काय बघतात ते मी उभ्या नोकरीत पाहिलंय. तिलाही ते कळलं असावं. तिने फोन पलंगावर फेकला.

दुपारी पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आलं. सगळे दिवस डबा. लांबच्या यादीतून नाव गेलेलं. जुळवाजुळवने खाली लिहिलं होतं, 'विश्रांती घ्या.' ते वाचून ती इतकी मोठ्याने हसली की मंडळी स्वयंपाकघरातून धावत आली, आणि तिचा चेहरा बघून परत गेली.

मग तिने बॅग पलंगावर उलटी केली. तिकडच्या थंडीसाठी घेतलेला लोकरी कोट, हातमोजे, जाड मोजे, एकेक काढून कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोंबलं. कोट बसेना. तिने रेटला, तरी बसेना. "द्या इकडे," म्हणून मी स्टूल घेऊन चढायला गेलो, तर म्हणाली, "उतरा बाबा, पडाल. एवढं तरी मला करू द्या." आणि कपाटाच्या दाराला तिने असा धक्का मारला, की दार लागलं आणि वरचा आरसा वाकडा झाला. तो अजून तसाच आहे. सरळ करायला कुणी हात लावला की ती म्हणते, "राहू दे तसाच."