पाय म्हणजे पाहा

माणसाचा पहिला शब्द पवित्र असतो. माझ्या मुलाच्या पहिल्या शब्दाला अमरावतीच्या एका हॉलमध्ये अर्धं ग्लुकोज बिस्कीट मिळालं. तोच शब्द त्याने पुन्हा उच्चारला, तेव्हा उरलेलं अर्धं त्याच्या हातातून काढून घेतलं.

आम्ही दोघं स्टेजवर होतो. तो लहान खुर्चीत, मी मोठ्या. समोर हॉलभर आईबाप. पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर पाहुणे. मागे बॅनर : विशेष बालकांच्या पालकांसाठी वर्तन-प्रशिक्षण. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी माइकवर माझी ओळख करून दिली, "ह्या एक ग्रामीण माता." नाव विचारलं नव्हतं. मी अंजनगाव सुर्जीच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, तेही विचारलं नव्हतं. ग्रामीण माता म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही.

त्या वर्षांत आमच्या भागावर प्रशिक्षणं कोसळत होती. वऱ्हाडात माणसं मरतात हे मुंबई-पुण्याला नुकतंच कळलं होतं, आणि कळल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही. कुणी आम्हाला शेळ्या पाळायला शिकवून गेलं, कुणी श्वास घ्यायला. आमच्या पोरांची पाळी शेवटी आली.

माझा मुलगा सहा वर्षांचा. डॉक्टरांनी त्याला स्वमग्न म्हटलं होतं. सहा वर्षं तो एक शब्द बोलला नव्हता. त्या उन्हाळ्यात एकदा आमच्या पानमळ्यात लाइट आली, मोटर सुरू झाली आणि कोरड्या पाटातून पाणी कचरा ढकलत पुढे सरकत आलं. ते त्याने पाहिलं. माझी हनुवटी धरली, माझं तोंड पाटाकडे वळवलं आणि म्हणाला, "पाय."

वऱ्हाडात पाय म्हणजे पाहा. चालायचा तो पायही पायच. पण हनुवटी धरून म्हटलेला पाय म्हणजे पाहा. हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग तो मला सगळं दाखवायला लागला. मुंगी. मोटरसायकलचा आरसा. ग्लासात ठेवलेली सासऱ्यांची कवळी. दर वेळी हनुवटी, दर वेळी "पाय". त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला पहिल्यांदाच कळत होतं. मी पाहायची तेव्हा तो माझ्याकडे पाहायचा. ते मॅडमनाही दिसावं म्हणूनच मी स्टेजवर यायला तयार झाले होते.

बॅनरची एक कड सुटली होती. एसीच्या वाऱ्यावर फडफडत होती. त्याने माझी हनुवटी धरली. "पाय."

"व्वा! याला शरीराचे अवयव येतात!" मॅडम खूश झाल्या. पेन्सिलीने त्याच्या पावलावर टकटक केलं. "पाय. शाब्बास." अर्धं बिस्कीट तोंडात, अर्धं हातात. टाळ्या. त्याने पुन्हा बॅनरकडे बोट केलं. "पाय."

"चूक." हातातलं बिस्कीट गेलं.

मला प्रमाण मराठी येते. पुस्तकांतच बसते मी दिवसभर. पण त्या वेळी तोंडात आली ती घरची. "मॅडम, तो पाय म्हून राहिला म्हंजे पाहा म्हून राहिला. थे बॅनर हालून राहिलं ना, थे."

"ताई," मॅडमनी माइक बाजूला केला नाही, "आधी आपण आपली भाषा सुधारू. मुलाची मग आपोआप सुधारेल."

हॉल हसला. सोफ्यावरचे साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "घरातच हे असं, तर मूल बोलणार कसं?" हसणारे अकोल्याचे होते, दर्यापूरचे, चांदूर बाजारचे. घरी सगळे असंच बोलतात. त्या दिवशी मात्र शुद्ध मराठीत हसले.

स्टेजखाली अकोल्याची शबानाबी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "अवो ताई, हे पोट्टे शिकवून राहिले का सर्कस भरवून राहिले?"

त्याने माझी हनुवटी पुन्हा धरली. या वेळी जोरात.

"हे बघा," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "चेहऱ्यावर हात टाकणं. हे लक्ष वेधणारं वर्तन. यावर उपाय काय? नियोजित दुर्लक्ष. आता सगळ्यांनी मान फिरवा. आईंनीसुद्धा."

हॉलने मान फिरवली. आईबापांनी, साहेबांनी, चहा घेऊन आलेल्या माणसानेही. मीही फिरवली.

पद्धत खोटी असेल असं नाही. तिने कुणाचं पोर दात घासायला शिकलं असेल. पण माझं पोर जेमतेम 'पाहा' म्हणायला शिकलं होतं, आणि भरल्या हॉलला हुकूम होता की पाहू नका.

"पाय! पाय!" तो ओरडत होता. घसा बसला. त्याचे हात माझ्या गालावर, कानावर, केसांत. मी भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलं होतं.

मग तो थांबला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो वाकला. स्वतःच्या पावलाला बोट लावलं. हळूच "पाय" म्हणाला आणि मॅडमपुढे हात पसरला. बॅनर अजून फडफडत होतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उभे राहिले. "पाहिलंत?" मॅडम म्हणाल्या. "एका सेशनमध्ये!"

मी उठले. त्याला उचललं. तो बिस्कीट चावत होता.

"त्याले बिस्कीट मांगाचं नव्हतं. त्याले दाखवाचं होतं. अन् तुमी सगळ्यायले मान फिरवाले सांगतलं."

"ताई, असं मध्येच उचललंत तर त्याला सवय लागेल."

"लागू द्या."

"तुम्ही मुलाचं नुकसान करताय."

"थे तं झालं आता."

कुणी उठलं नाही. शबानाबीही नाही. पुढचा नंबर तिच्या पोरीचा होता.

पुढे कित्येक महिने त्याला बिस्कीट हवं असलं की तो पावलाला बोट लावायचा. लाइट यायची, पाटात पाणी यायचं. तो काठावर एकटा उभा राहून पाहायचा. मी शेजारी बसायची, तोंड त्याच्या हाताला लागेल इतकं खाली आणून. हनुवटीला हात लागला नाही.

ते सगळं नंतरचं. ठरलं ते मात्र त्याच दुपारी. यापुढे माझ्या पोरासमोर मला मान फिरवायला कुणी सांगायचं नाही. डॉक्टरने नाही, मास्तरने नाही, घरच्यानेही नाही. ज्याला आमचं बोलणं ऐकून हसू येतं, त्याच्या हाती माझं पोर जाणार नाही. पोराला शिकवायचं असेल तर आधी आमची बोली शिकून यायचं. नसेल जमत तर आल्या वाटेने परत. आणि सोफ्यावरच्यांना दाखवायला म्हणून माझं पोर कुठल्याही स्टेजवर चढणार नाही.

हे सगळं मनात पक्कं करत, पोराला खांद्यावर घेऊन, मी राजकमल चौकातून ताठ मानेने चालले होते. लोक वळून वळून पाहत होते. मला वाटलं, चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार. एसटीत बसल्यावर खाली पाहिलं. हॉलबाहेरच्या ढिगातून घाईत घातलेल्या दोन्ही चपला डाव्या पायाच्या होत्या.